तलावाच्या तळाशी जेवण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही दिवस तुमच्याकडे जुन्या वास्तूंवरून वाचकांची पत्रं येतायत ती मी रोज वाचतोय. सध्या मुक्काम मुलीकडे, जॅक्सनव्हिलला, फ्लोरिडात. इथली सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ, त्यामुळे चहाबरोबर शिळाच पेपर मिळतो मोबाईलवर, पण सवय काही सुटत नाही. त्यातल्या एका पत्रात असं होतं की जुन्या वास्तूत खाण्यापिण्याचं काही काढलं की वास्तूची रया गेलीच समजा, मग तिथे फक्त तेलाचे डाग आणि सेल्फी. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात ३४ वर्षं काढलीत, डाकबंगल्यांची काय अवस्था होते ते जवळून बघितलंय, त्यामुळे महिन्यापूर्वी विचारलं असतंत तर मी त्या पत्रलेखकाच्या बाजूनेच बोललो असतो. पण गेल्या शनिवारी एका जुन्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात बसून जेवलो आणि मत जरा हललंय, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, कापायचं तिथे कापा.

गाव सेंट ऑगस्टीन, इथून तासाभरावर. स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये वसवलेलं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या ६५ वर्षं आधी, आणि तेव्हापासून सलग वस्ती आहे. अमेरिकेत जुनं म्हणजे काय असणार, शंभर वर्षांचं घर दाखवतील आणि तिकीट लावतील, असं मी गाडीत बोलून गेलो होतो. जावईबापू काही बोलले नाहीत. बोलत नाहीतच ते, गाडी चालवतात.

तर तिथे किंग स्ट्रीटवर दोन प्रचंड इमारती समोरासमोर आहेत, दोन्ही पूर्वीची हॉटेलं, दोन्ही एकाच माणसाची. हेन्री फ्लॅगलर, तेलसम्राट रॉकफेलरचा स्टँडर्ड ऑइल कंपनीतला भागीदार. १८८० च्या दशकात तो या गावात आला, त्याला गाव आवडलं पण राहायला धड जागा नाही, मग त्याने ठरवलं की आपणच बांधू. मोठं हॉटेल पॉन्स डी लिऑन, उघडलं जानेवारी १८८८ मध्ये. त्याच्या समोर त्याच वर्षी दुसरं, अल्काझार, जरा कमी खर्चिक पण करमणुकीची सगळी सोय असलेलं. आणि लोक यायचे कसे तर रेल्वेही त्याचीच. आधी हॉटेल बांधायचं, मग रूळ टाकायचे, आणि वरून आपण देशाची सेवा केली म्हणायचं, हा धंदा सगळीकडे सारखाच.

आम्ही आधी चुकीच्या इमारतीत शिरलो. म्हणजे मीच शिरलो, हातात फोन घेऊन, म्युझियम कुठाय म्युझियम कुठाय करत, आणि बाहेर पाठीला दप्तर लावलेली पोरं येतायत जातायत, कुणी स्कूटर लॉक करतंय. ते होतं पॉन्स डी लिऑन, आता तिथे फ्लॅगलर कॉलेज आहे, १९६८ पासून. पण चूक पथ्यावर पडली कारण तिथे कॉलेजचीच मुलं टूर देतात. आमची गाईड एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, उलटी चालत बोलायची, माझं सगळं लक्ष ती धडपडते की काय याच्याकडे. तिने सांगितलं की समोरचे दोन मनोरे शोभेचे नाहीत, आत पाण्याच्या टाक्या होत्या, प्रत्येकी ८ हजार गॅलनच्या. हे ऐकून मी खूष. मनोरा बांधायचाच आहे तर त्यात टाकी घाला, ही अक्कल आमच्या खात्यात असती तर कित्येक गावांची ती सिमेंटची भुतं दिसली नसती. हॉटेलात वीज होती, एडिसनची, १८८८ साली, आणि पाहुण्यांना बटण दाबायची भीती वाटायची म्हणून दिवा लावायला विझवायला नोकर ठेवले होते असं ती पोरगी सांगते. आमच्या हिला हे फार आवडलं, म्हणाली, आपल्याकडे अजून तेच चाललंय, पंखा लाव म्हणून हाक मारतात.

जेवणाचा हॉल मात्र खरोखर बघण्यासारखा. गोलाकार टोकं, वर छतापर्यंत चित्रं, आणि खिडक्यांना लुई टिफनी या नावाजलेल्या काच-कलावंताच्या रंगीत काचा, ७९. दुपारचं ऊन त्यातून येतं ते मधासारखं दिसतं. आणि त्या उजेडात पोरं ट्रे घेऊन बसलीत, एकजण कानाला हेडफोन लावून फ्रेंच फ्राइज खातोय, समोर लॅपटॉप उघडा, डोक्यावर सव्वाशे वर्षांपूर्वीची टिफनी आणि त्याचं लक्षही नाही. मला आधी राग आला. मग वाटलं, बरोबर आहे, त्याची मेस आहे ती. रोज जेवायला येतो तिथे माणूस काय मान वर करून बघत बसणार. ज्या जागेत कोट्यधीश हिवाळ्यातले दोन-चार महिने राहून जायचे आणि बाकी वर्षभर कुलूप, तिथे आता शेकडो पोरं परीक्षांचं टेन्शन घेऊन वर्षभर जेवतात, काच तीच.

रस्ता ओलांडला की अल्काझार. दारासमोर बाग, गावाचा संस्थापक पेद्रो मेनेंदेझ याचा पुतळा. आत चौक, ताडाची झाडं, माशांचं तळं आणि त्यावर छोटा दगडी पूल. आर्किटेक्ट दोन्ही इमारतींचे तेच, कॅरेर आणि हेस्टिंग्ज, तेव्हा दोघंही तिशीच्या आतले. त्यांचं हे पहिलं मोठं काम, पुढे त्यांनीच न्यूयॉर्कची मोठी पब्लिक लायब्ररी बांधली.

आता जरा माझ्या आवडीचं, कंटाळा आला तर हा भाग गाळा. या इमारती विटांच्या नाहीत, दगडाच्या नाहीत, कॉंक्रीटच्या आहेत, ओतीव, १८८० च्या दशकात! तेव्हा अमेरिकेत एवढं मोठं काम कॉंक्रीटमध्ये कुणी केलेलं नव्हतं. आणि खडी कसली, तर कोकिना. म्हणजे शिंपल्यांचा दगड, समोरच्या बेटावरून काढलेला, लाखो बारीक शिंपले एकमेकांना चिकटून झालेला. गावातला स्पॅनिश किल्ला याच दगडाचा आहे. तो चुरा आणि सिमेंट एकत्र करून थरावर थर ओतत गेलेत, आणि भिंतीजवळ नाक नेऊन बघितलं तर थराची रेघ दिसते आणि रेघेच्या खाली वर नखाएवढे शिंपले, काही अख्खे, त्यांच्यावरच्या शिरासुद्धा मोजता येतील. मी बोट फिरवत उभा होतो तर हिने मागून कोपर मारलं, लोक बघतायत म्हणून. बघू देत. सव्वाशे वर्षांवर झाली, समुद्र हाकेच्या अंतरावर, खारा वारा, वादळं, आणि भिंत उभी आहे. आमच्या वेळी कोकणात समुद्राजवळ आम्ही जे बांधलं त्यातलं पंचवीस वर्षांनी काय शिल्लक राहिलं हे मी पेपरात लिहित नाही.

हॉटेल म्हणून अल्काझार चाललं ते १९३२ पर्यंत. खरं तर त्याची वाट त्याच्या मालकानेच लावली असं म्हणायला हरकत नाही, कारण फ्लॅगलरने रेल्वे दक्षिणेला पुढे पुढे नेली, पाम बीच, मायामी, शेवटी १९१२ मध्ये समुद्रावरून पूल टाकत की वेस्टपर्यंत, आणि जिथे रेल्वे गेली तिथे श्रीमंत गेले, उबदार हवा तिकडे जास्त. मग मंदी आली आणि उरलंसुरलं संपलं. इमारत रिकामी पडून राहिली. पुढे १९४६ मध्ये शिकागोच्या ऑटो लाइटनर नावाच्या माणसाने घेतली. हा छंदांवरचं मासिक काढायचा, नावच हॉबीज, आणि वाचकांना सांगायचा की काहीतरी जमवा. स्वतः त्याने एवढं जमवलं की ठेवायला हॉटेलच लागलं. १९४८ मध्ये म्युझियम उघडलं, इमारत आणि संग्रह शहराला देऊन टाकला, १९५० मध्ये गेला आणि त्याच चौकात त्याची कबर आहे. माशांच्या तळ्याजवळ. लोक तिथे फोटो काढतात आणि बहुतेकांना कळतही नाही शेजारी कोण झोपलंय ते.

म्युझियममध्ये काय आहे हे विचारू नका, काय नाही हे विचारा. कापलेल्या काचेची भांडी, आपोआप वाजणारी जुनी वाद्यं, आणि एक पेंढा भरलेला सिंह, जो म्हणे विन्स्टन चर्चिलचा होता, रोटा नाव त्याचं, लंडनच्या झूमध्ये असायचा. एका कोपऱ्यात बसलाय बिचारा. खालच्या मजल्यांवर हॉटेलचे जुने वाफेच्या आंघोळीचे हमामखाने, व्यायामशाळा. आणि त्याच इमारतीत, दुसऱ्या बाजूला, शहराची नगरपालिका. हो, चालू नगरपालिका. सिटी हॉल. मी मुद्दाम त्या बाजूला जाऊन आलो, शनिवार होता म्हणून बंद, पण दाराला कामाची वेळ लिहिलेली, नोटिसा लावलेल्या, सगळं ओळखीचं वाटलं. एक विचार आला की सोमवारी कुणीतरी इथे तक्रार घेऊन येणार, तणतणत, आणि ज्या कमानीखालून तो जाणार त्या कमानीखालून पूर्वी बग्गीतून उतरलेल्या मडमा जायच्या.

आता तलाव. इमारतीच्या मागच्या अंगाला हॉटेलचा पोहण्याचा तलाव होता, छताखाली, १२० फूट लांब आणि ५० फूट रुंद, त्या काळातला जगातला सगळ्यात मोठा इनडोअर तलाव म्हणायचे त्याला. वरच्या मजल्यावर नाचाचा हॉल, तिथून वाकून बघितलं की खाली पोहणारे दिसायचे. आता त्यात पाणी नाही. खोल टोकाला टेबलं मांडलीत, पांढरी चादर, कॅफे आहे.

तुम्ही खाली उतरता आणि तळावर बसता. चारी बाजूंनी तलावाच्या भिंती तुमच्या डोक्याच्या वर जातात. वर काठावरून म्युझियमची माणसं चालत जातात आणि वाकून बघतात, तुम्ही मासा असल्यासारखं. एका बाईने मला हात केला, मीही केला, काय करणार. आवाज मात्र तलावासारखाच घुमतो, पलीकडच्या टेबलावर चमचा पडला तर आपल्या कानाशी पडल्यासारखा, आणि एवढी माणसं असून सगळी हळू बोलत होती. मी मान मागे टाकून वर बघितलं, तीन मजले वर छत, बाजूने खांबांच्या ओळी, आणि पाणी असतं तर माझ्या डोक्यावर किती फूट आलं असतं याचा हिशेब सवयीने सुरू झाला. ही म्हणाली, आधी जेवण मागवा. तिला पोहता येत नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्विमिंग पूलमध्ये उतरले ती साडी नेसून, हे तिने संध्याकाळी तिच्या तिन्ही बहिणींना फोन करून सांगितलं. जेवण ठीक, सूप चांगलं, सँडविच मोठं. रुपयात हिशेब करायचा नाही असं जावईबापूंनी पहिल्याच आठवड्यात बजावलंय.

इथपर्यंत सगळी सहलच झाली आणि मी पत्रही इथेच संपवलं असतं. पण जेवून आम्ही गावच्या मधल्या चौकात जाऊन बसलो, झाडं आहेत, बाकं आहेत, आणि तिथे एक ब्रॉंझचं स्मारक आहे, चार चेहरे खांद्याला खांदा लावून. नेते कुणी नाहीत, नावं नाहीत. काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठी १९६४ साली झालेल्या आंदोलनात जी साधी माणसं रस्त्यावर उतरली त्यांचं ते, २०११ मध्ये बसवलेलं. मुलीने फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली आणि मी आधी अर्धवट ऐकत होतो, जेवण झालेलं, डोळे जड.

३१ मार्च १९६४. गावातल्या काळ्या मुलांच्या शाळेतली शंभरावर मुलं चालत पॉन्स डी लिऑन हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये गेली आणि बसली, आम्हालाही वाढा म्हणाली. पोलीस आले, कुत्रे आणि गुरांना विजेचे झटके देणारे दांडके घेऊन, आणि मुलांना धरून नेलं. म्हणजे तोच हॉल. टिफनीच्या काचांचा, मधासारख्या उन्हाचा, जिथे हेडफोन लावलेला पोरगा मघाशी फ्रेंच फ्राइज खात होता. माझी झोप उडाली.

पुढे जूनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग याच गावात आले. ११ जूनला ते मॉन्सन नावाच्या मोटेलच्या पायऱ्यांवर उभे राहिले, आम्हाला जेवायचंय एवढंच म्हणणं, आणि अटक झाली. त्यानंतर आठवड्याने, १८ जूनला, काळी आणि गोरी माणसं मिळून त्याच मोटेलच्या पोहण्याच्या तलावात उतरली. मॅनेजरने त्या पाण्यात ॲसिड ओतलं, फरशी धुवायचं असतं ते. माणसं आत असताना. त्याचे फोटो जगभर छापून आले, आणि दुसऱ्या दिवशी, १९ जूनला, अमेरिकेच्या सिनेटने नागरी हक्कांचा कायदा पास केला. ते मोटेल आता पाडलंय, तिथे नवीन हॉटेल आहे, पण किंग यांना पकडलं त्या पायऱ्या जपून ठेवल्यात. आम्ही जाऊन बघून आलो, दोन-तीन पायऱ्या, कुठेच न जाणाऱ्या.

संपादक, माझी तीन वर्षं महाडला बदली होती. ऑफिसला जाता येता चवदार तळं लागायचं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तिथे पाणी प्यायले, आणि नंतर गावातल्या लोकांनी गोमूत्र शेण घालून तळं 'शुद्ध' केलं, हे शाळेत शिकलेलो, पण तीन वर्षं रोज त्या तळ्याच्या बाजूने जाऊन मी एकदाही थांबलो नव्हतो. थांबलो म्हणजे कामाला थांबलो असेन, असा नाही. आणि इथे सातासमुद्रापलीकडे एका बाकावर बसून ते तळं आठवलं. पाणी नसलेल्या तलावात ही साडी नेसून बसली होती, कुणी काही म्हटलं नाही, उलट वेटर मुलगा काळा होता आणि त्याने साडीच्या रंगाचं कौतुक केलं, आणि याच गावात साठ वर्षांपूर्वी त्याच्या आजोबांना पाण्यात उतरले म्हणून. मी पुढचं वाक्य तिथे पुरं करू शकलो नाही, इथेही राहू द्या.

तर माझं म्हणणं त्या पत्रलेखकाला एवढंच, की वास्तूत जेवण आलं म्हणून वास्तू बाटत नाही. उलट ही हॉटेलं टिकली कशी, तर कुणीतरी कामाला लावली म्हणून. एकात कॉलेज घुसलं, एकात म्युझियम आणि नगरपालिका आणि कॅफे, आणि शेजारी तिसरं एक आहे, कासा मोनिका, ते फ्लॅगलरने विकत घेतलेलं, मंदीत बंद पडलं, मग तिथे कोर्ट भरायचं, आणि १९९९ पासून ते पुन्हा हॉटेल झालंय. रोज झाडू मारला जातो, गळलं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी ओरडतं, कारण गळतंय ते कुणाच्या तरी टेबलावर. आपल्याकडे काळा घोड्याला वॉटसन हॉटेल होतं, ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा देशात पहिल्यांदा दाखवला गेला ती जागा, सगळं लोखंडी सांगाड्याचं, भाग विलायतेत बनवून आणून इथे जोडलेले. इंजिनिअर म्हणून सांगतो, तसं काम पुन्हा होणे नाही. २००५ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. तिथे कुणी नीट चहाचं दुकान चालवलं असतं, भाडं देऊन, जबाबदारी घेऊन, तर मला चाललं असतं, डागांसकट.

पण जेवायला बसवताना तिथे पूर्वी कोण बसू शकत नव्हतं हेही लिहून ठेवा. मेन्यूकार्डावर नको, भूक मरते. बाहेर चौकात, बाकाजवळ, जेवण झाल्यावर माणूस जिथे जाऊन टेकतो तिथे.

आपला एक वाचक,
निवृत्त उपअभियंता, ठाणे
(सध्या जॅक्सनव्हिल)

ता.क. : तेलाच्या डागांचं राहिलंच. मी टेबलाखाली वाकून तलावाचा तळ बघून घेतला, बिल यायच्या आधी. एकच डाग होता, कॉफीचा, आणि तो आमचा. हिने टिश्यूने पुसला.